लसीका गाठ, प्लीहा, थायमस, बर्सा: पावसाळ्यात केलेल्या स्लाइड्सच्या नोंदी

१८ जून २०२४

आमच्या प्राणिशास्त्र विभागातला लिम्फॉइड, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अवयवांचा जुना स्लाइडसंच पार फिका पडलाय. इओसिनचा गुलाबी रंग उडून गेलाय, उरलेत ते जांभळे ठिपके. मुलांच्या जर्नलमध्ये लसीका गाठ, प्लीहा आणि थायमस या तिघांची आकृती जवळपास एकच असते आणि त्यात त्यांचा दोष नाही. या अवयवांतल्या बहुतेक पेशी म्हणजे लिम्फोसाइट्सच, प्रतिकाराचं काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी. अवयव ओळखायचा तो त्या पेशी कशा मांडल्यात आणि कोणत्या सांगाड्यावर बसल्यात यावरून. स्लाइडवर ती मांडणी दिसली नाही तर शिकवण्यासारखं काही उरतच नाही. नमुन्यादाखल एक तयार संच मागवून पाहिला होता, त्यातले सेक्शन (काचेवर घ्यायचे ऊतीचे पातळ पापुद्रे) इतके जाड की सगळीकडे शाई सांडल्यासारखं दिसत होतं. म्हणून संच इथेच करायचा ठरवलाय. कोकणात, पावसाळ्यात, हाताने ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) करणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतेय.

प्राणी मारायचा नाही. प्राणिशास्त्रातलं विच्छेदन २०१४ नंतर बंदच झालंय आणि त्याची गरजही नाही. खाटकाकडे आणि चिकनच्या दुकानात हे अवयव रोज टाकून दिले जातात.

विभागात आहे ते: सेक्शन कापायचा रोटरी मायक्रोटोम (जुना, पण चाक घट्ट आहे), मेणाचा ओव्हन, वॉटर बाथ. आणलं ते: फॉर्मॅलिन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, झायलीन, ५८ ते ६० अंशांना वितळणारं मेण, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे रंग, वरची पातळ काच चिकटवायला डीपीएक्स, काचा आणि एकदाच वापरायची ब्लेड्स. खर्च ११,४०० रुपये, त्यातला निम्म्याच्या आसपास ब्लेड्सचा. ॲब्सोल्यूट इथेनॉलला परवाना लागतो, त्यात महिने जातात. आयसोप्रोपिलने काम होतं.

फॉर्मॅलिन बफर करूनच वापरायचं: बाटलीतलं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, डायबेसिक ६.५ ग्रॅम.

२२ जून

सकाळी साडेसहाला खाटीक चाचांच्या दुकानात. पुढच्या खांद्याच्या समोर, स्नायूखालच्या चरबीत प्रीस्कॅप्युलर गाठ असते. ती बोकडात सर्वांत सोपी सापडते, अडीच-तीन सेंटिमीटर लांब. चाचा म्हणाले, "मॅडम, या गाठी कोण खात नाही, काढून टाकतो. पाहिजे तेवढ्या न्या." आतड्याच्या पडद्यातल्या गाठी आणि तिल्ली, म्हणजे प्लीहा, हेही त्यांनी वेगळं काढून ठेवलं होतं.

एक गाठ कापल्यावर आतून हिरवट, घट्ट पू निघाला. शेळ्यामेंढ्यांत असा गळू नेहमीचा, जिवाणूमुळे होणारा. ती गाठ सुरीसकट बाजूला ठेवून सुरी निर्जंतुक केली. ग्लोव्हज आणि मास्क घातल्याशिवाय हे काम करू नका. शेळ्यांमधला ब्रुसेल्ला हा माणसालाही होणारा जिवाणू लसीका गाठींमध्येच घर करून असतो.

कापणी कशी केली ते नीट लिहिते, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. गाठीभोवतीची चरबी जितकी निघेल तितकी काढली, पण आवरणाला धक्का न लावता. आवरण सोललं गेलं की त्याच्या लगेच आतला सबकॅप्स्युलर सायनस, म्हणजे लसीका वाहायची पोकळी, जाते, आणि ही लसीका गाठ आहे, थायमस नाही, हे ओळखायची पहिली खूण तीच आहे. मग गाठ अशी कापली की काप हायलममधून, म्हणजे वाहिन्या बाहेर पडतात त्या खाचेतून जाईल. तरच एका सेक्शनमध्ये आवरण, कॉर्टेक्स (बाहेरचा भाग), पॅराकॉर्टेक्स (त्याच्या आतला) आणि मेड्युला (गाभा) सलग मिळतात. काप ३ मिलिमीटर. प्लीहेचेही तेवढेच, एका घावात, सुरी पुढेमागे न करता आणि बोटांनी न दाबता.

विभागातल्या मामांनी मात्र एक गाठ अख्खीच बरणीत ठेवलीय, फरक पाहू म्हणाले. ठेवली.

२५ जून

अख्ख्या गाठीचा निकाल लागला. बाहेरून कडक, राखाडी. कापल्यावर मधोमध गुलाबी आणि चिकट. फॉर्मॅलिन सुरुवातीला तासाला जेमतेम १ मिलिमीटर आत जातं, पुढे त्याहून हळू. ते मध्यापर्यंत पोचेस्तोवर तिथल्या पेशी सडायला लागलेल्या असतात. गाठ फेकली. ३ मिलिमीटरचे काप मात्र आरपार एकसारखे झालेत.

दुपारी निर्जलीकरण: ७० टक्के, ९० टक्के, मग शुद्ध आयसोप्रोपिलच्या तीन बरण्या, प्रत्येकी एक तास. मेण शिरावं म्हणून मग काप झायलीनमध्ये टाकले आणि झायलीन दुधाळ झालं. ऊतीत पाणी राहिल्याचं लक्षण. बाटली नवीन होती, पण खिडक्या उघड्या, बाहेर मुसळधार, आणि बरण्यांची झाकणं दर वेळी पाचेक मिनिटं उघडी. अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं.

उपाय केला तो असा. शेवटच्या बरणीच्या तळाशी ओव्हनमध्ये तापवून पांढरी केलेली मोरचुदाची पूड, वर फिल्टर पेपर. पूड निळी पडायला लागली की अल्कोहोल बदलायचं. झाकणांच्या कडांना व्हॅसलिन. दुधाळ झालेले काप परत अल्कोहोलमध्ये घेतले, त्यातले बरेचसे वाचले.

रात्री वीज गेली. मेण ओव्हनमध्ये गोठलं. पहाटे वीज आल्यावर मेण वितळलं, पण काप किती वेळ गरम राहिले याचा हिशोब राहिला नाही. त्यामुळे यापुढे मेणाचं काम सकाळी सुरू करून दुपारपर्यंत संपवायचं, रात्रभर काही ठेवायचं नाही.

२ जुलै

सेक्शन कापायला बसले. लसीका गाठीची रिबन, म्हणजे एकाला एक जोडून निघणाऱ्या सेक्शनची पट्टी, बरी आली. प्लीहेचा मात्र चुरा. रिबनमध्ये आडव्या समांतर भेगा, खिडकीच्या झडपांसारख्या, आणि काही ठिकाणी ऊती भुकटी होऊन उडाली.

रक्ताने भरलेल्या ऊती अल्कोहोल आणि उष्णतेत चटकन ठिसूळ होतात. त्यात बोकडाच्या प्लीहेचं आवरण जाड आणि गुळगुळीत स्नायूंनी भरलेलं, आवरणापासून आत गेलेले पट्टे, ट्रॅबेक्युली, तसेच. एकाच ब्लॉकमध्ये चिवट पट्टे आणि ठिसूळ लगदा, ब्लेड दोन्हींवर एकसारखं चालत नाही.

दोन गोष्टींनी काम झालं. ब्लॉक एकदा ट्रिम करून ऊती उघडी पाडली आणि तो ब्लॉक बर्फाच्या पाण्यावर तोंड खाली करून पंधरा मिनिटं ठेवला. पाणी वरच्या थरात मुरतं, तेवढे मोजके सेक्शन अखंड निघतात, मग पुन्हा बर्फावर. दुसरं म्हणजे प्लीहेसाठी वेगळं वेळापत्रक: अल्कोहोलच्या प्रत्येक बरणीत ४० मिनिटं, झायलीन दोनदा २५ मिनिटं, मेण दोनदा ४५ मिनिटं. नवीन ब्लॉक याच पद्धतीने केले आणि भेगा जवळपास गेल्या.

जाडी: ५ मायक्रॉनला लिम्फोसाइट्स एकावर एक दिसतात. ३ ते ४ मायक्रॉनच ठेवा. इतर अवयवांना ५ ते ६ चालतात, इथे चालत नाहीत. वॉटर बाथ ४५ अंश.

६ जुलै

रंगवणी. नेहमीच्या वेळेने, हॅरिस हिमॅटॉक्सिलिन ८ मिनिटं, रंगवलेली पहिली खेप काळपट जांभळी. या ऊतीत केंद्रकंच केंद्रकं, त्यामुळे रंग पिण्याची जागा प्रचंड. ३ मिनिटांवर आणलं, ॲसिड अल्कोहोलमध्ये दोनदा बुडवून लगेच पाण्यात.

पण मग रंग निळा होईना, लालसर जांभळाच राहिला. कारण पाणी. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आहे, पीएच कागदावर सहाच्या आसपास. हिमॅटॉक्सिलिन निळं व्हायला अल्कली लागते. देशावरच्या प्रयोगशाळांत नळाच्या जड पाण्यात हे आपोआप होतं, कोकणात होत नाही. एक लिटर पाण्यात ३.५ ग्रॅम खायचा सोडा आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून त्यात स्लाइड २ मिनिटं ठेवली. रंग डोळ्यांदेखत फिरला.

आणि मग पहिल्यांदा गाठ दिसली. ४ च्या ऑब्जेक्टिव्हखाली आवरण गुलाबी, त्याच्या आत सबकॅप्स्युलर सायनसची फिकट रेघ, मग कॉर्टेक्समधले गोल फॉलिकल, लिम्फोसाइट्सचे पुंजके. ४० खाली एका फॉलिकलवर बराच वेळ थांबले. बाहेर लहान, गच्च लिम्फोसाइट्सचा मँटल, आतला जर्मिनल सेंटर फिकट. त्यातही एक बाजू गडद, तिथे मोठ्या पेशी विभाजन पावताना सापडतात, दुसरी बाजू उजळ. मधेमधे मोठ्या फेसाळ मॅक्रोफेज पेशी, पोटात गिळलेल्या मेलेल्या पेशींचे गडद कण. वाल्थर फ्लेमिंगने १८८४-८५ मध्ये ही केंद्रं आणि त्यातले हे कण वर्णन केले ते याच नुसत्या दृश्यावरून, प्रतिकारशक्तीतलं त्यांचं काम कुणाला ठाऊक नसताना. जी बी पेशी चांगली अँटिबॉडी बनवत नाही ती इथेच मरते आणि इथेच गिळली जाते. मुलांना हे चित्र दाखवायचंच आहे.

पॅराकॉर्टेक्समध्ये हाय एंडोथेलियल व्हेन्यूल शोधा. नेहमीच्या लहान शिरेचं अस्तर चपटं असतं, हिचं ठेंगणं, चौकोनी. नशीब असेल तर भिंतीतून सरकणारा लिम्फोसाइट अर्धा आत, अर्धा बाहेर पकडलेला मिळतो. रक्तातून गाठीत शिरायची वाट हीच.

१२ जुलै

प्लीहेच्या काही स्लाइड्सवर तपकिरी-काळे दाणे. काही पेशींच्या आत, बरेचसे वाटेल तिथे. दोन वेगळी रंगद्रव्यं एकत्र आली होती. प्लीहेत हिमोसिडरिन असणारच, जुन्या लाल पेशी तिथे मोडतात आणि मॅक्रोफेजमध्ये लोहाचे सोनेरी-तपकिरी कण साठतात. ते खरं आणि हवंसं. दुसरे काळपट, पेशींच्या वर पसरलेले दाणे म्हणजे फॉर्मॅलिन पिगमेंट. आम्लधर्मी फॉर्मॅलिन रक्ताशी मिळून ते बनतं. तपास केला तर एका बरणीत गेल्या वर्षीचं, बफर नसलेलं फॉर्मॅलिन भरलं गेलं होतं.

रंगवण्याआधी सेक्शन अल्कोहोलमधल्या संपृक्त पिक्रिक ॲसिडमध्ये अर्धा तास ठेवले, मग भरपूर पाणी. काळे दाणे गेले, हिमोसिडरिन राहिलं. पिक्रिक ॲसिड कोरडं पडलं तर स्फोटक असतं. बाटलीत वर कायम पाण्याचा थर हवा आणि झाकणाच्या आट्यांवर खडे जमू द्यायचे नाहीत.

२० जुलै

चाचांनी पाठीच्या कण्याखालच्या, मूत्रपिंडाजवळच्या चरबीतून काढलेल्या काही लहान गाठी दिल्या, गडद लाल, वाटाण्याहून छोट्या. मामांना त्या रक्त साकळलेल्या वाटल्या आणि टाकायला निघाले होते. त्या हिमल नोड. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत असतात, माणसात नेहमीच्या रचनेचा भाग म्हणून त्या धरत नाहीत. सेक्शनमध्ये फॉलिकल लसीका गाठीसारखेच, पण सायनसमध्ये लसीकेऐवजी रक्त. लसीका गाठ आणि प्लीहा यांच्या मधली रचना एकाच काचेवर मिळते. अभ्यासक्रमात नाही, तरी संचात ठेवतेय. प्लीहेची रक्त गाळायची व्यवस्था समजवायला यापेक्षा सोपी स्लाइड नाही.

२७ जुलै

थायमस. दुकानातल्या बोकडांच्या मानेत शोधून हाती लागली ती चरबी आणि तिच्यात विखुरलेले तुकडे. वय वाढेल तसा हा अवयव आक्रसतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हगवणीने मेलेल्या एका करडाच्या शवविच्छेदनातून थायमस दिला. ब्लॉक चांगला, सेक्शन चांगले, पण कॉर्टेक्स आणि मेड्युलाची सीमा पुसट, कॉर्टेक्स विरळ. आजारपणाच्या ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि कॉर्टेक्समधल्या कोवळ्या टी पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) झपाट्याने मरतात. मुलांना पहिली स्लाइड म्हणून ही दाखवली तर चुकीचं चित्र मनात बसेल. 'ताणाने आक्रसलेला' अशी चिठ्ठी लावून वेगळी ठेवली.

दरम्यान ब्रॉयलरच्या माना सोलल्या. कातडीखाली, मानेच्या शिरेला लागून दोन्ही बाजूंना फिकट खंडांची माळ असते, एका बाजूला साधारण सात. भरपूर आणि फुकट. लोब्यूल (छोटे खंड), गडद कॉर्टेक्स, फिकट मेड्युला, सगळं स्वच्छ. फक्त मेड्युलातले हॅसल कॉर्पसल (पेशींच्या वलयांचे गोळे) सस्तन प्राण्यांइतके ठसठशीत नाहीत.

१ ऑगस्ट

डॉक्टरांचा पहाटे फोन: अडलेल्या शेळीचं करडू जन्मताना दगावलं, लगेच या. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी गळ्यापासून छातीपर्यंत पसरलेला गुलाबीसर थायमस मिळाला. दोन तासांच्या आत फॉर्मॅलिनमध्ये. आर्थर हिल हॅसलने १८४० च्या दशकात वर्णन केलेले कॉर्पसल यात पाठ्यपुस्तकात असावेत तसे आहेत: चपट्या एपिथेलियल पेशींची एकात एक वलयं, मधोमध गुलाबी केराटिन. संचातली थायमसची मुख्य स्लाइड हीच.

४ ऑगस्ट, गटारी

उद्यापासून श्रावण, महिनाभर दुकानं थंड. त्यामुळे आजच कोंबडीतला बर्सा गोळा करायचा होता. चिकनच्या दुकानात पहाटेपासून रांग, पण पोराने गुदद्वाराकडचे भाग वेगळ्या पिशवीत टाकून ठेवले.

बर्सा ऑफ फॅब्रिशियस क्लोएकाच्या, म्हणजे पक्ष्याच्या गुदद्वाराच्या कप्प्याच्या, पाठीच्या बाजूला असतो. पाडुआच्या फॅब्रिशियसचं त्यावरचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापलं गेलं, आणि तो अँटिबॉडीसाठी लागतो हे कळायला १९५६ उजाडलं, ब्रूस ग्लिक आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कोंबड्यांवरच्या कामातून. सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरमध्ये तो दोनेक सेंटिमीटरचा, मलईच्या रंगाचा, कापला की आत उभ्या घड्या.

एका दुकानातले बर्सा मात्र छोटे, कडक. सेक्शनमध्ये फॉलिकल रिकामे, काहींच्या जागी पोकळ्या, मधे तंतुमय ऊती. त्या थव्यात गंबोरो (बर्सा नासवणारा विषाणूचा रोग) येऊन गेला असावा, किंवा त्याच्या लसीचा जोरकस प्रकार दिला असावा. दुसऱ्या दुकानातले, वेगळ्या शेडमधले पक्षी घेतले तेव्हा घड्या फॉलिकलनी गच्च भरलेल्या मिळाल्या, प्रत्येकात कॉर्टेक्स आणि मेड्युलाच्या मधे एपिथेलियमची स्पष्ट रेघ. गावठी कोंबडी घेणार असाल तर तलंग अंड्यावर यायच्या आधीची घ्या, नंतर बर्सा विरून जातो.

१७ ऑगस्ट

रेटिक्युलिनसाठी, म्हणजे ऊतीतल्या बारीक आधारतंतूंसाठी, चांदीची रंगवणी, गॉर्डन आणि स्वीट्स यांची १९३६ ची पद्धत. इथपर्यंत पेशी पाहिल्या, आता सांगाडा. सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली ४,२०० रुपये. गोल्ड क्लोराइड परवडलं नाही, म्हणून टोनिंग वगळलं; पार्श्वभूमी पिवळट राहते, तंतू मात्र काळे दिसतात.

पहिल्या फेरीत अमोनियाच्या अल्कलीत सेक्शन काचेवरून सुटून तरंगायला लागले. अंड्याच्या बलकाशिवायच्या पांढऱ्याचं अल्ब्युमिन एच अँड ईला (हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या रंगवणीला) पुरतं, इथे नाही. क्रोम ॲलम आणि जिलेटिनचा लेप दिलेल्या काचा आणि ६० अंशांवर एक तास वाळवणी, मग टिकले. दुसऱ्या फेरीत सगळीकडे काळी धूळ: काचसामान पुरेसं स्वच्छ नव्हतं. नायट्रिक ॲसिडने धुऊन डिस्टिल्ड पाण्याने चार-पाचदा खंगाळलं.

चांदीचं द्रावण: १० टक्के सिल्व्हर नायट्रेट ५ मिली, त्यात अमोनिया थेंबाथेंबाने, साका जेमतेम विरघळेपर्यंत. मग ३ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड ५ मिली, पुन्हा अमोनिया, द्रावण निवळत आलं की थांबायचं, आणि पाणी घालून ५० मिली. अमोनिया जास्त झाला तर तंतू रंगतच नाहीत. हे द्रावण साठवायचं नाही, त्यातून स्फोटक संयुगं बनतात. काम संपताच मिठाचं पाणी ओतून चांदी खाली बसवायची.

लसीका गाठीत काळं जाळं सुंदर आलं. सायनसच्या पोकळीतून आडव्या गेलेल्या तारा, पॅराकॉर्टेक्समध्ये दाट विण, जर्मिनल सेंटरमध्ये जवळपास काही नाही, तंतू कडेला ढकललेले. प्लीहेत लाल पल्पभर (रक्ताने भरलेल्या लगद्यात) जाळं.

थायमसची स्लाइड कोरी. फक्त लोब्यूलच्या मधल्या भिंती आणि रक्तवाहिन्यांभोवती काळ्या रेघा. रंगवणी फसली समजून मामा काच पुसायला घेत होते. त्याच ट्रेमधली लसीका गाठ व्यवस्थित रंगली होती, तेव्हा फसली नव्हती. थायमसचा सांगाडा मुळात तंतूंचा नाहीच. तो एकमेकींना हात धरलेल्या एपिथेलियल पेशींचा असतो, गर्भातल्या घशाच्या कप्प्यातून आलेल्या, आणि चांदी त्यांना रंगवत नाही. बर्साच्या फॉलिकलची मेड्युलाही अशीच कोरी. टी पेशी, आणि कोंबडीत बी पेशी, जिथे घडतात ते दोन्ही अवयव एपिथेलियमच्या जाळ्यावर, आणि त्या जिथे कामाला लागतात त्या गाठी आणि प्लीहा तंतूंच्या जाळ्यावर. वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलेली ही गोष्ट एका ट्रेमध्ये शेजारी-शेजारी दिसली. संचात प्रत्येक अवयवाची जोडी ठेवणार: एक एच अँड ई, एक चांदी.

३० ऑगस्ट

तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे लेबल झाकून संच ठेवला. प्लीहा आणि बर्सा बहुतेकांनी ओळखले. गोंधळ अजून एकाच जागी: कोंबडीचा थायमस आणि लसीका गाठ. सरळ ४० च्या लेन्सवर जाणाऱ्यांचा गोंधळ जास्त झाला. आधी ४, मग आवरणाखाली सायनस आहे का, फॉलिकल आहेत का, आणि शेवटी ४०, हा क्रम ट्रेच्या झाकणावर चिकटवलाय. चांदीची जोडी दिल्यावर सगळ्यांना उत्तर आलं.

काही काचांवर डीपीएक्सखाली दुधाळ डाग आहेत, दमट हवेत शेवटच्या झायलीनआधी पाणी राहिलेलं. कव्हर स्लिप काढून पुन्हा करायच्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, नाहीतर दसऱ्यापर्यंत बुरशी येईल.

एकूण खर्च १७,९०० रुपये. ब्लॉक शिल्लक आहेत, त्यातून पुढच्या वर्षी फक्त काचा आणि रंगांच्या खर्चात आणखी संच निघतील. हाताने काम करताना लागलेला बहुतेक वेळ पाणी आणि वीज या दोन गोष्टींनी खाल्ला. दिवाळीनंतर कोरड्या हवेत केलंत तर पहिला नक्कीच वाचेल.

राहिलंय ते डुकराच्या लसीका गाठीचं. तिच्यात रचना उलटी असते, फॉलिकल मध्याकडे आणि मेड्युलासारखा भाग बाहेर. गोव्यातल्या मैत्रिणीला सांगून ठेवलंय. ती म्हापशाहून बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये, हायलममधून कापलेले ३ मिलिमीटरचे काप पाठवणार आहे.